पाऊस आणि बांध: इंद्रायणीच्या खोऱ्याचं रसग्रहण

कार्ल्याच्या चैत्यगृहावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. खांबांच्या दोन ओळी, त्यांच्या माथ्यावर हत्तींवर बसलेली युगुलं, छताला बसवलेल्या आणि दोन हजार वर्षं टिकून राहिलेल्या लाकडी कमानी, या सगळ्याचं कौतुक व्हायलाच हवं होतं. पण लेण्याकडे पाठ करून दक्षिणेला जे पसरलेलं दिसतं, त्याच्याकडे रसिकाच्या नजरेने फारसं कुणी पाहत नाही. समोर लोहगड-विसापूरची भिंत उभी असते. तिच्या पायथ्याला भाजे, अलीकडे मळवली, आणि दोन डोंगररांगांच्या मधे इंद्रायणीची सपाटी. ही सपाटी निसर्गाने आयती दिली, असं आपण धरून चालतो. मला ती दोघांनी मिळून घडवलेली कृती वाटते, पावसाने आणि शेतकऱ्याने. चैत्यगृहाचा खांब जितक्या बारकाईने पाहतो तितक्याच बारकाईने पाहावी, अशी तिची घडण आहे.

पहिली गोष्ट नजरेत भरते ती प्रमाणाची. खोरं रुंद आहे आणि नदी बारीक. एवढ्याशा नदीने एवढं रुंद खोरं कोरलं असेल, हे पटत नाही. पश्चिमेला कुरवंड्याकडे गेलं की कोडं अधिकच गहिरं होतं. इंद्रायणी कुरवंड्याजवळ उगम पावते असं आपण म्हणतो. पण नदीचा उगम म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तो उंच डोंगर आणि अरुंद घळ तिथे नाही. रुंद, सपाट खोरं सरळ सह्याद्रीच्या कड्यापर्यंत जातं आणि एकदम संपतं. पुढे पाचशे मीटरहून खोल खाली खोपोली. खोऱ्याचा वरचा भागच कुणी कापून नेला असावा, असं ते दृश्य आहे. भूरूपांचे अभ्यासक याचा अर्थ असा लावतात की सह्याद्रीचा कडा झिजत झिजत पूर्वेकडे सरकला आणि पूर्ववाहिनी नद्यांचे माथे त्याने गिळले. नदी लहान झाली, खोरं जुन्याच मापाचं उरलं.

म्हणजे मावळच्या माणसाला मिळाला तो एका मोठ्या घराचा ओटा. आणि त्या ओट्यावर पाऊस असा की लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर, आणि पन्नास-साठ किलोमीटरवर पुण्यात साडेसातशेच्या आसपास. हा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो. एवढ्या थोड्या अंतरात पावसाचा एवढा मोठा उतार ज्या खोऱ्यात आहे, त्याच्या वरच्या टोकाची आणि खालच्या टोकाची जमीन एकाच पद्धतीने घडलेली नसणार. या खोऱ्याचं सगळं सौंदर्य मला या फरकात दिसतं.

वरच्या टोकापासून सुरुवात करू. लोणावळा ते कामशेत या पट्ट्यात आषाढ-श्रावणातली नदी गाळ फारसा ठेवून घेत नाही. पाण्याचा जोर इतका असतो की डोंगरावरून आलेली माती ती पुढे ढकलते. नदीचं पात्र पुष्कळ ठिकाणी उघड्या काळ्या खडकाचं आहे. खाली तळेगावजवळ कुंडमळ्याला तर पाण्याने खडकात रांजणखळगे कोरून काढले आहेत. ज्या नदीच्या तळाशी खडक आहे, ती गंगेसारखी दर पुरात काठावर नवी माती पसरत बसत नाही. मग कार्ल्याच्या पायथ्यापासून भाज्याच्या पायथ्यापर्यंत दिसणारी भाताची सपाटी आली कुठून?

उत्तर बांधात आहे. भात कापून झाल्यावर, मार्गशीर्षात, या शेतांकडे नीट पाहा. दुरून एकसंध दिसणारी सपाटी जवळ गेल्यावर पायऱ्यांची निघते. प्रत्येक खाचर वरच्या खाचरापेक्षा हातभर किंवा कमरेइतकं खाली. डोंगराच्या कुशीत पायऱ्या उंच आणि अरुंद, नदीकडे येताना बुटक्या आणि रुंद. ओढ्याच्या जागी पाहिलं तर खाचरं ओढ्यातच शिरलेली दिसतात. आडवा दगडी बांध घातलेला, त्यामागे माती अडलेली, तिच्यावर भात. ही माती बैलगाडीने आणून टाकलेली नाही. आधी दगड रचून ताल घालायची, पावसाने डोंगरावरून धुऊन आणलेली माती तिच्यामागे बसू द्यायची, पुढच्या वर्षी तालीवर आणखी एक थर चढवायचा, पुन्हा माती बसू द्यायची. आजोबाने घातलेल्या बांधामागे नातवाला पुरतं खाचर मिळायचं. नदीने जे केलं नाही ते शेतकऱ्याने असं केलं. डोंगरउतारावर जागोजाग छोटी छोटी पूरमैदानं तयार केली आणि त्यांची मालिका नदीच्या काठापर्यंत आणून सोडली.

चांगल्या बांधातली कारागिरी पाहावी. तो सरळ रेषेत जात नाही, उताराच्या समान पातळीने वळतो. दगड मातीशिवाय रचलेले असतात, म्हणून पाणी झिरपतं पण माती अडते. वरच्या खाचरातलं जास्तीचं पाणी खाली सोडायला बांधात वाट ठेवलेली असते, आणि ती वाट खालच्या खाचराच्या वाटेसमोर कधी येत नाही. एकीकडून आलेलं पाणी खाचरभर फिरून दुसऱ्या टोकाने उतरतं. वाटा समोरासमोर असत्या तर मुसळधार पावसात पाणी सरळ धावलं असतं आणि खाली ओघळ पडला असता. चार हजार मिलिमीटर पावसाचा वेग असा पायरीपायरीने मोडून काढलेला आहे. ज्याने हे पहिल्यांदा केलं त्याचं नाव कुठे कोरलेलं नाही. पण चैत्यगृहाचा खांब घडवणाऱ्या हाताइतकाच हा हात मला जाणता वाटतो.

आता बांधाच्या वर, डोंगराकडे. तिथे वरकस जमीन. पहिल्या वर्षी नाचणी, मग वरई, मग खुरासणी, आणि नंतर काही वर्षं पड. उतारावरची ही जमीन नांगरली की तिची माती सुटते. शिवाय राब. चैत्र-वैशाखात ऐन-किंजळाच्या फांद्या तोडून कवळ गोळा करायचं, रोपाच्या जागेवर शेण, कवळ, पाचोळा, वर मातीचा पातळ थर अशी रास घालायची आणि ती भाजायची. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं, आणि पहिल्या पावसात तिथे टाकलेलं बी जोमाने उगवतं. एकोणिसाव्या शतकात जंगल खात्याला ही पद्धत जंगलाची नासाडी वाटली. शेतकरी सांगत राहिले की राबाशिवाय रोप धरत नाही. त्या वादात मी शेतकऱ्याच्या बाजूने आहे, पण एक गोष्ट मान्य करायला हवी. फांद्या तोडलेला आणि नांगरलेला डोंगर माती अधिक सोडतो. मावळच्या माणसाने वर माती सैल केली आणि खाली तीच माती अडवली. या दोन क्रिया वेगळ्या काढून एकीला दोष आणि दुसरीला शाबासकी देता येत नाही. डोंगराचं थोडं नुकसान आणि खाचराची भर हा एकाच व्यवहाराचा हिशेब होता, आणि मधे राखलेल्या देवराया हा त्या व्यवहाराला घातलेला आळा.

हा व्यवहार किती जुना? पुरावा लेण्यातच आहे. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात वलूरक, म्हणजे कार्ला, इथल्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचं गाव दान दिल्याची नोंद आहे. लेखाने लाभार्थी नेमके सांगितले आहेत, तिथे वर्षावास करणारे. क्षहरातांचा पाडाव झाल्यावर सातवाहनांनी हेच गाव पुन्हा भिक्षूंना दिलं. ती आज्ञा मामाल इथल्या अमात्याला उद्देशून आहे आणि सामान्यतः गौतमीपुत्र सातकर्णीची मानली जाते. मामाल म्हणजे आपलं मावळ. राज्य बदललं, राजवंश बदलला; एका गावाचं उत्पन्न मात्र त्याच डोंगरावरच्या त्याच पावसाळी मुक्कामाला जोडलेलं राहिलं.

या लेखाची चव घ्यायची ती पावसाच्या अंगाने. चार महिने वाटा बंद, भिक्षूंना फिरता येत नाही, म्हणून ते लेण्यात बसून राहतात. त्याच चार महिन्यांत खाली शेतीचं वर्षातलं सगळ्यात कष्टाचं काम चालू असतं. वर स्तब्धता आणि खाली चिखलणी, दोन्ही एकाच पावसाने ठरवलेल्या. लेखात पिकाचं नाव येत नाही. पण एका गावाच्या उत्पन्नावर बसून राहणारा संघ पोसता येतो, याचा अर्थ त्या काळी या खोऱ्यातल्या जमिनीला शिलकीचं पीक होतं. राजाला दान म्हणून द्यावीशी वाटावी इतकी ती जमीन तयार झालेली होती.

आणखी एक बारकावा. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या सातव्या वर्षी एका महारठ्याने, म्हणजे सरदाराने, गाव दिल्याचा लेखही इथेच आहे. त्याची तिथी उन्हाळ्याच्या पाचव्या पंधरवड्यातली. सातवाहन लेखांत वर्षाचे तीन भाग असतात, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, आणि प्रत्येकाचे आठ पंधरवडे. उन्हाळ्याचा पाचवा पंधरवडा म्हणजे साधारण ज्येष्ठ, राब भाजून झालेले, आभाळाकडे डोळे लागलेले दिवस. दानपत्राची तारीखही ऋतूच्या पंधरवड्यांत मोजली जात होती.

वरचं टोक झालं. आता खाली उतरू, देहू-आळंदीकडे आणि पुढे तुळापूरला, जिथे इंद्रायणी भीमेला मिळते. इथे पाऊस कमी, आणि नदीच्या काठाला एक नवं दृश्य, पिवळट तपकिरी मातीच्या उभ्या दरडी, त्यांत चुनखडीचे खडे. भीमेच्या खोऱ्यातल्या नद्यांना अशा दरडी जागोजाग आहेत. त्या पाहून मनात पहिला विचार येतो की एवढा गाळ साचला तर त्या काळी पाऊस भयंकर असणार. वस्तुस्थिती उलटी आहे, आणि ती उलगडण्याचं श्रेय पुण्याच्या माणसांचं आहे. डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू यांनी मुळा-मुठेच्या गाळावर १९७० मध्ये प्रबंध लिहिला. पुढे १९८७ मध्ये विश्वास काळे आणि राजगुरू यांनी दख्खनच्या वायव्य पठारावरच्या नद्यांच्या गाळाचा इतिहास 'नेचर' या नियतकालिकात मांडला. त्याचा गाभा असा: शेवटच्या हिमयुगात मान्सून दुबळा होता. नद्यांत माती वाहून नेण्याइतकं पाणी नव्हतं, म्हणून ती पात्रात आणि काठावर साचत गेली. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी मान्सून जोरावला, नद्यांना बळ आलं, आणि त्यांनी आपलाच गाळ चिरत पात्र खाली नेलं. दरडी उघड्या पडल्या. काठावरची जाड माती ही अवर्षणाने ठेवलेली ठेव आहे.

हे कळल्यावर सगळं खोरं एका वाक्यासारखं वाचता येतं. खाली, कमी पावसाच्या प्रदेशात, सपाटी नदीने केली, आणि तीही पाऊस कमी पडला तेव्हा. वर, जास्त पावसाच्या प्रदेशात, नदीला माती ठेवणं जमलं नाही, तिथे ती माणसाने ठेवली. एकाच नदीच्या दोन टोकांना सपाटीचे दोन कर्ते.

खालच्या जुन्या गाळाच्या काठांवरच माणूस आधी स्थिरावला. इंद्रायणीवर अजून इनामगावाएवढं खणलेलं स्थळ नाही, म्हणून शेजारच्या घोड नदीकडे जावं लागतं. शिरूर तालुक्यातल्या इनामगावचं उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पंधराएक वर्षं केलं. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातलं हे शेतकऱ्यांचं गाव. बार्ली पिकवणाऱ्या या लोकांनी पुराचं पाणी वळवायला चर खणला होता आणि त्याच्या कडेने बांध घातला होता. शेवटच्या काळात चौकोनी प्रशस्त घरांऐवजी लहान गोल झोपड्या येतात, शिकारीवरची भिस्त वाढते. उत्खनकांपैकी मधुकर ढवळीकरांनी याचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी लावला. बांध घालण्याची अक्कल त्यांच्याकडे होती. पाऊसच फिरला तेव्हा ती अपुरी पडली.

तशीच वेळ देहूवर १६३० च्या सुमारास आली. तो दुष्काळ तुकोबांच्या घरात शिरला. पत्नी अन्नावाचून गेली, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. वर लोणावळ्याकडे ज्या नदीला आवरता आवरत नाही, तिच्याच काठी खाली माणसं उपाशी मरतात, हे या खोऱ्याचं वास्तव आहे. तुकोबांच्या अभंगात महापुरात तगून राहणारा लव्हाळा येतो. तो देहूच्या काठी कुणालाही दिसेल असा आहे. पूर आणि दुष्काळ दोन्ही पाहिलेल्या काठावरचा तो कवी होता, हे ध्यानात ठेवून तो अभंग वाचावा.

दुष्काळ आणि स्वाऱ्या यांनंतर जमीन पुन्हा लागवडीला आणणं हे मावळात राज्य उभारणीचंच काम होतं. पडीत जमीन कसणाऱ्याला कौल द्यायचा, पहिली वर्षं नाममात्र सारा आणि मग वर्षागणिक वाढता, हा इस्तावा शिवकाळात चालला. तो हिशेब शहाणपणाचा होता, कारण मोडलेला बांध एका पावसाळ्यात उभा राहत नाही. मावळांची नावंही पाहा: पवन मावळ, आंदर मावळ, कानद खोरं, मुठे खोरं. नदी, तिची सपाटी आणि ती कसणारी गावं मिळून एक देशमुखी. सत्तेची हद्द पाणलोटाच्या रेषेवर आखलेली होती. आजच्या तालुक्यांच्या हद्दींपेक्षा ती मला अधिक समंजस वाटते.

माणसाच्या हाताने नदीकाठ घडल्याची उदाहरणं जगात इतरत्रही आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या नद्यांचे नागमोडी काठ नैसर्गिक समजले जात. २००८ मध्ये रॉबर्ट वॉल्टर आणि डोरोथी मेरिट्स यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिलं की ते काठ म्हणजे पाणचक्क्यांच्या हजारो बंधाऱ्यांमागे साचलेला गाळ आहे. जंगलं तोडली, माती सुटली, बंधाऱ्यांनी ती नदीतच अडवली. तिथे माती नदीत अडली आणि पिकाच्या कामी आली नाही. मावळात ती नदीला पोहोचण्याआधी शेतात अडली आणि तिच्यावर शेकडो वर्षं भात पिकला. दोन्ही ठिकाणी माणसाने माती सोडवली आणि अडवली. कुठे अडवली यावर सगळं ठरलं.

ही घडण मोडली ती यंत्रयुगात, आणि फार झपाट्याने. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे आली. तिचा भराव खोऱ्यातून आडवा गेला आणि पाण्याच्या वाटा मोऱ्यांपुरत्या उरल्या. खरा फेर पडला तो १९१५ मध्ये, टाटांचं खोपोलीचं वीजघर सुरू झालं तेव्हा. लोणावळा, वलवण आणि शिरवता इथे तलाव झाले, आणि बंगालच्या उपसागराकडे निघालेलं इंद्रायणीच्या माथ्याचं पाणी घाटाखाली अरबी समुद्राकडे वळलं. सह्याद्रीच्या कड्याने लाखो वर्षांत हळूहळू चालवलेलं काम एका योजनेने काही वर्षांत उरकलं. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली, ते मोलाचं होतं. पण तलावांना जागा लागते ती खोऱ्याच्या तळाची, म्हणजे नेमक्या भाताच्या सपाटीची. शेजारच्या मुळा खोऱ्यात १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे मुळशीच्या धरणाविरुद्ध उभे राहिले, ते याच जमिनीसाठी. पिढ्यान् पिढ्या बांधामागे साठवलेल्या मातीची भरपाई पैशात कशी करायची, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो आजही सुटलेला नाही.

तरीही शेती तग धरून राहिली. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोराच्या वंशातून तयार केलेला इंद्रायणी तांदूळ १९८७ मध्ये आला आणि आज तो महाराष्ट्रभर खाल्ला जातो. कामशेतजवळच्या खाचरात पिकलेल्या इंद्रायणीचा चिकट, सुवासिक भात पानात आला की त्यात या मातीचा वाटा किती, हे विसरू नये.

गेल्या काही दशकांत भाजे, मळवली, कार्ला परिसरात खाचरं भरून बंगले उठत आहेत. भराव टाकला की आधी बांध जातो. बांध गेला की वरच्या खाचराचं पाणी सरळ खाली धावतं, अडवलेली माती एक-दोन पावसाळ्यांत नदीत जाते, आणि मग पूर आला म्हणून आपण नदीला दोष देतो. लोहगडाला २०२५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. कार्ला, भाजे, बेडसे इथली लेणी संरक्षित स्मारकं आहेत. किल्ला आणि लेणी यांच्या मधे पसरलेल्या, त्या दोहोंना पोसणाऱ्या बांधांना मात्र स्मारक म्हणून कुठे स्थान नाही. मावळातल्या ग्रामपंचायतींनी आपल्या शिवारातले जुने दगडी बांध नकाशावर घ्यावेत, बिगरशेती परवानगी देताना पाण्याची वाट आणि ताल शाबूत ठेवण्याची अट घालावी, आणि बांध रचता येणारी म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून तरुणांनी ते काम शिकून घ्यावं.